जावाच्या रस्त्यावर भूम आगार

मोबाइलवर 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' नावाचा गेम आहे. इंडोनेशियातल्या मालेओ या कंपनीने तो २०१७ साली काढला. खेळायला पैसे पडत नाहीत, फोन फार भारी लागत नाही, आणि इंडोनेशियात आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी हाकतात. युरोपातल्या ट्रकच्या गेममध्ये आपल्या पोरांची पहिल्याच वळणावर जी पंचाईत होते ती इथे होत नाही. गेममधली गावं जावा बेटावरची, पाट्या तिकडच्या भाषेतल्या. आणि त्या रस्त्यावरून लाल एसटी चाललेली असते. पुढे 'भूम - पुणे' अशी पाटी, बाजूला आगाराचं नाव, आणि नंबर एमएच १४ बीटी किंवा एमएच २० बीएल मालिकेतला. धाराशिव जिल्ह्याचा म्हणून एमएच २५ टाकणारा पोरगा बाकीच्यांच्या हसण्याचा धनी होतो. कारण एसटी कुठल्या आगारात मुक्कामाला असते यावर तिचा नंबर ठरत नाही. तिची बॉडी दापोडीला बांधली, चिकलठाण्याला की नागपूरच्या हिंगण्याला, यावर ठरतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. भूमला रेल्वे नाही, जायचं-यायचं ते एसटीने, आणि स्टँडवर गाडीची वाट पाहण्यात जे तास जातात त्यातून ही विद्या आलेली आहे.

गाडी बनते ती दोन टप्प्यांत. पहिला टप्पा त्रिमिती मॉडेलचा. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रा, खिडक्या, दार, मागची शिडी, चाकं असं एकेक अंग कोन जुळवत उभं करायचं आणि मग गेमला चालेल अशा फाइलमध्ये बांधायचं. त्याला कॉम्प्युटर लागतो आणि दांडगा चिवटपणा लागतो. दुसरा टप्पा 'लिव्हरी'चा, म्हणजे रंगरंगोटीचा. तो फोनवर होतो. बसची सगळी अंगं एका सपाट चित्रावर उलगडून ठेवलेली असतात. पिक्सलॅबसारख्या अ‍ॅपमध्ये पोरं त्यावर लाल रंग भरतात, पट्टे ओढतात, बोधचिन्ह बसवतात, मागच्या चाकावर चिखल उडवतात, खिडकीखाली पानाच्या पिचकाऱ्या घालतात. पिचकारीचा लाल आणि गाडीचा लाल यांत फरक दिसला पाहिजे, नाहीतर मेहनत वाया. हौशी मंडळी खऱ्या गाडीचा हॉर्न आणि गिअर टाकतानाची करकर स्टँडवर जाऊन रेकॉर्ड करून आणतात.

आता ही गाडी कुणाची? गेमचा सांगाडा मालेओचा. चेसिस अशोक लेलँडची किंवा टाटाची. बॉडी एसटी महामंडळाच्या कार्यशाळेची, बोधचिन्ह महामंडळाचं. त्रिमिती मॉडेल बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणा मॉडरचं, म्हणजे गेममध्ये अशी भर घालणाऱ्याचं, कदाचित केरळातल्या, कारण बसचा नाद तिथेही जबर आहे. आवाज तिसऱ्याने आणलेला. रंग, पट्टे, पाटी आणि पिचकाऱ्या भूमच्या पोराच्या.

या विषयावर जे काही बोललं जातं ते बहुतेक एकाच अंगाने: कंपनीचं काय चोरलं? मॉडच्या बाबतीत हा प्रश्न व्यवहारात बऱ्यापैकी मिटलेला आहे, असं माझं मत आहे. मालेओने मॉड घालायची सोय गेममध्येच ठेवली; पोरांनी नवनव्या गाड्या घातल्या म्हणून तो गेम इतकी वर्षं चालला. न मिटलेला प्रश्न पोराच्या हिश्श्याचा आहे. परक्याच्या गेममध्ये, परक्याच्या बसवर, त्याने स्वतःचं जे घातलं त्यावर त्याचा काही हक्क आहे की नाही? आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि १८७२ चा करार कायदा एकत्र ठेवून वाचले तर उत्तर पोराच्या बाजूने झुकतं. हे कंपन्यांना रुचणार नाही, आणि पोरांना तर माहीतच नाही.

पुढे जाण्याआधी एक घोळ निस्तरावा लागेल. 'मॉड' म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे 'मॉड एपीके' येतो: कंपनीचं कुलूप फोडून वाटलेलं अख्खं अ‍ॅप, ज्यात नाणी अमर्याद आणि जाहिराती गायब. ती सरळ नक्कल आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब तर प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही किमान सात दिवसांची आणि कमाल तीन वर्षांची कैद सांगतं, मग वाटणाऱ्याचं विचारायलाच नको. 'इंडियन जीटीए' म्हणून जे गठ्ठे फिरतात त्यांचीही तीच गत. रॉकस्टारचा 'सॅन अँड्रियास' अख्खा उचलायचा, त्यात स्प्लेंडर आणि बुलेट घालायची, आणि सगळं एकत्र बांधून वाटायचं. त्यातली स्प्लेंडर पोराची असेल, बाकी गठ्ठा चोरीचा आहे, आणि त्याची वकिली मी करणार नाही. गेम ज्याचा त्याने रीतसर घ्यायचा आणि वर फक्त स्वतः बनवलेली फाइल घालायची, एवढ्याच मॉडबद्दल मी बोलतोय.

असे मॉड म्हणजे पोरखेळ, असं समजणाऱ्यांनी या धंद्याचा इतिहास थोडा पाहावा. 'काउंटर-स्ट्राइक' हा १९९९ साली दोन हौशी तरुणांनी व्हॉल्व्ह कंपनीच्या 'हाफ-लाइफ'वर चढवलेला मॉड. व्हॉल्व्हने पुढच्याच वर्षी तो आणि ते दोघे, दोन्ही आपल्याकडे घेतले. 'डोटा' हा ब्लिझर्ड कंपनीच्या 'वॉरक्राफ्ट ३'वरचा, २००३ सालचा मॉड. एकाने सुरू केला, दुसऱ्यातिसऱ्याने वाढवला. त्यातून पुढे स्पर्धांचा, बक्षिसांचा, कोट्यवधी प्रेक्षकांचा एक अख्खा खेळप्रकार उभा राहिला. त्याच्या मालकीवरून २०१७ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात जो वाद झाला तो मला फार बोलका वाटतो. ब्लिझर्ड आणि व्हॉल्व्ह या दोन बड्या कंपन्यांनी चिनी मोबाइल गेमवाल्यांवर दावा लावला, आणि व्हॉल्व्हने आपला हक्क सिद्ध करायला पुढे काय केलं, तर मॉडरांकडून घेतलेले हक्कांचे करार. समोरच्यांचं म्हणणं असं की मूळ मॉडरने हा मॉड केव्हाच सगळ्यांना मोकळा करून टाकला होता, तेव्हा त्याच्याकडे विकायला काही उरलंच नव्हतं. न्यायाधीशांनी हा मुद्दा झटकून टाकला नाही, खटल्यात तपासायचा ठरवला. म्हणजे परक्याच्या गेमवर फुकट काम करणाऱ्या, टोपणनावाने वावरणाऱ्या पोराची सही शेवटी दोन कंपन्यांच्या मालमत्तेचा पाया ठरली. मॉडरकडे काही नसतंच, तर ती सही घेतली कशाला?

ब्लिझर्डने धडा घेतला, पण आपल्या पद्धतीने. २०२० साली 'वॉरक्राफ्ट ३' नव्या रूपात आला तेव्हा अटींत लिहिलेलं होतं की खेळाडूंनी त्यात बनवलेला प्रत्येक खेळ हा ब्लिझर्डच्या मालकीचा असेल. लेखकाला आपल्या कृतीवर जो नावाचा आणि अब्रूचा हक्क असतो तोही खेळाडूंनी सोडून द्यायचा. 'मला मान्य आहे' या बटणाखाली हे सगळं.

मराठवाड्याला हा पेच नवा वाटू नये. जमीन एकाची आणि घाम दुसऱ्याचा, हे हैदराबाद संस्थानात पिढ्यान् पिढ्या चाललं. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने जमीनमालकाचं नाव सातबाऱ्यावरून एका रात्रीत पुसलं नाही. पण संरक्षित कुळाचा हक्क मानला, आणि 'इतर अधिकार' या रकान्यात नाव असणं म्हणजे काय हे कुळाच्या नातवालाही कळतं. मॉडरचा दावा याच जातीचा आहे. फरक असलाच तर तो मॉडरच्या फायद्याचा: शेत एकाने कसलं की दुसऱ्याला कसता येत नाही, पण गेमची एक प्रत भूममध्ये बदलली म्हणून इंडोनेशियातल्या मालकाचं तसूभरही कमी होत नाही.

कायद्याकडे वळू. अमेरिकेत १९९८ साली 'मायक्रो स्टार' नावाच्या कंपनीचा खटला झाला. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या गेमसोबत लेव्हल बनवायचं साधन मिळत असे. खेळाडूंनी बनवलेल्या ३०० लेव्हल गोळा करून मायक्रो स्टारने सीडीवर विकल्या. न्यायालय म्हणालं, या लेव्हल मूळ कथेचाच पुढचा भाग आहेत, तेव्हा हा मूळ गेमच्या हक्कावर घाला आहे. निकाल एका परीने ठीकच. पण त्या ३०० लेव्हल ज्यांनी बनवल्या त्यांना मायक्रो स्टारने दमडी दिली नव्हती, आणि खटल्यात त्यांच्या बाजूने उभं राहणारं कुणी नव्हतं. दोन कंपन्या भांडल्या त्या तिसऱ्याच्या मेहनतीवरून. युरोपियन न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी विरुद्ध डेटेल प्रकरणात थोडा मोकळा श्वास दिला: खेळ चालू असताना मेमरीतले बदलते आकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरने बदलले, मूळ कोडला हात लावला नाही, तर प्रोग्रामवरच्या हक्काचा भंग होत नाही.

आपल्याकडे मॉडवर गाजलेला निकाल नाही, तेव्हा कलमंच वाचावी लागतात. कलम १४ प्रमाणे कृतीचं रूपांतर करण्याचा हक्क मालकाचा, आणि कलम २ मध्ये रूपांतराची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की कुठलाही फेरबदल तीत बसावा. कलम ५२ मध्ये सवलतींची लांबलचक यादी आहे. पहिलीच सवलत रास्त वापराची: खासगी वापर, टीका, परीक्षण. पण तिथे कंसात प्रोग्रामला वगळलेलं आहे. म्हणजे गेममधल्या चित्राचा रास्त वापर होऊ शकतो, त्याच गेमच्या कोडचा नाही. व्हिडिओ गेम हे चित्र धरायचं, चित्रपट धरायचा की प्रोग्राम, याचा खुलासा कायद्यात नाही. मात्र त्याच कलमात पुढे एक उपकलम आहे, ज्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. प्रोग्राम ज्या कामासाठी दिलेला आहे ते काम करून घ्यायला रीतसर प्रत बाळगणाऱ्याने त्यात फेरबदल केला तर तो भंग धरत नाहीत. आता जो गेम मॉड घालायच्या सोयीसकट दिला जातो, तो कशासाठी दिला जातो? मॉड घालण्यासाठीच. हा युक्तिवाद एखाद्या चांगल्या वकिलाने न्यायालयात मांडलेला पाहायला मला आवडेल.

याहून महत्त्वाचं कलम १३. बेकायदा उचललेल्या मजकुरावर बांधलेल्या चित्रपटाला आणि ध्वनिमुद्रणाला कॉपीराइट मिळत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. चित्राबद्दल किंवा लेखनाबद्दल तसं म्हटलेलं नाही. म्हणजे भूमच्या पोराने काढलेली लिव्हरी, किंवा केरळच्या पोराने उभं केलेलं मॉडेल, परक्याच्या वस्तूवर आधारलेलं असलं तरी त्यातला जेवढा भाग त्याच्या बुद्धीतून आला तेवढ्यावर त्याचा कॉपीराइट जन्मतो, नोंदणीशिवाय, बनवल्याच्या क्षणी. तो वापरताना मूळ मालकाच्या हक्काला धक्का लागला तर ती वेगळी बाब. पण त्याचं घेऊन कुणी तिसऱ्याने विकलं, तर मॉडरला दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ईस्टर्न बुक कंपनीच्या प्रकरणात किमान थोडीतरी निर्मितिशीलता असावी एवढीच अट घातली होती. पानाची पिचकारी कुठे उडवायची हे ठरवण्यात ती आहे, असं मी गंभीरपणे म्हणतो.

बसच्या आकाराचं काय? इथे कायदा मजेशीर आहे. कलम १५ सांगतं की ज्या डिझाइनची नोंदणी होऊ शकत होती पण केली नाही, आणि त्या डिझाइनच्या वस्तू कारखान्यात पन्नासहून जास्त वेळा निघाल्या, त्यावरचा कॉपीराइट संपतो. एसटीच्या कार्यशाळांनी एकेका तऱ्हेच्या बॉड्या हजारोंनी बांधल्या. केलीच असेल नोंदणी तरी डिझाइन कायद्याखालचं संरक्षण फार तर पंधरा वर्षांचं. तेव्हा जुन्या लालपरीचा आकार आज कुणाच्या मालकीचा असेल असं मला वाटत नाही. बोधचिन्हाची गोष्ट वेगळी. महामंडळ हा सार्वजनिक उपक्रम, आणि कलम २८अ प्रमाणे अशा उपक्रमाच्या कृतीवर ६० वर्षं हक्क राहतो. शिवाय ट्रेडमार्क आहे. परिवहन महामंडळं नावासाठी भांडत नाहीत असं समजू नका. 'केएसआरटीसी' या पाच अक्षरांसाठी कर्नाटक आणि केरळ वर्षानुवर्षं भांडले, आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पण ट्रेडमार्कचा भंग व्हायला तो धंद्यात वापरावा लागतो. फुकट वाटलेल्या गाडीवर चिन्ह रंगवलं तर कुणाची फसगत होते? अमेरिकेत 'हमवी' या लष्करी गाडीच्या उत्पादकाने 'कॉल ऑफ ड्यूटी'वाल्यांवर दावा लावला, तेव्हा २०२० साली न्यायालयाने तो फेटाळला. तो गेम तर पैसे घेऊन विकलेला होता.

आता बटणाकडे. 'मला मान्य आहे' हे बटण दाबणारा बहुतेक वेळा नववी-दहावीतला असतो. करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अल्पवयीन माणूस करार करायला पात्र नाही. त्याने केलेला करार रद्द करता येण्याजोगा नसून मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कलकत्त्याच्या प्रकरणात सांगितलं, आणि आजही कायद्याचा विद्यार्थी पहिल्या वर्षी तेच पाठ करतो. त्या खटल्यातलं भांडण घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जाचं होतं. पण तत्त्व तेच. सोळा वर्षांच्या पोराने कंपनीच्या अटी मान्य केल्या म्हणून त्याच्या मॉडची मालकी कंपनीकडे जात नाही, कारण मान्य करणं झालंच नाही. त्यात कॉपीराइट कायद्याचं कलम १९ म्हणतं की हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं असल्याशिवाय वैध नाही. आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर जुना शून्य करार मान्य करून जिवंतही करता येत नाही. नवं बटण दाबलं तर नवा करार. त्याआधीचं काम त्याचंच.

हे दुधारी आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. करार शून्य म्हटला की कंपनीने दिलेला परवानाही डळमळतो, आणि परवान्याशिवाय फेरबदल केला म्हणून तोच पोरगा भंग करणारा ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. तालुक्याच्या ठाण्यात एखाद्याने तक्रार ठोकली, तर तिथल्या हवालदाराने मॉड आणि मॉड एपीके यांतला फरक करावा अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. अल्पवयीन म्हणून प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाईल एवढाच दिलासा. कंपन्या सहसा असं करत नाहीत, हे खरं. पण जीटीएची मालक असलेल्या टेक-टूसारखी कंपनी वर्षानुवर्षं काणाडोळा करते आणि मग २०१७ मध्ये एकदम मॉडिंगच्या साधनावर नोटीस बजावते, २०२१ मध्ये आपले जुने जीटीए नव्याने विकायला काढायच्या सुमारास जुन्या मॉडांवर नांगर फिरवते, हेही खरं. कंपनीच्या मर्जीवर जगणं म्हणजे हक्क नव्हे.

मॉडर मंडळींच्या आपापसातल्या व्यवहारांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि तिथे माझी सहानुभूती जरा आटते. एकाने महिनोन् महिने खपून गाडी बनवायची, दुसऱ्याने तिच्यावरचं नाव खोडून आपल्या चॅनलवर टाकायची. म्हणून पहिला तिला पासवर्ड लावतो, आणि पासवर्ड व्हिडिओच्या मधेच कुठेतरी सांगतो, म्हणजे लोकांनी अख्खा व्हिडिओ पाहावा. तिसरा पासवर्ड फोडून ती थोडक्या पैशांना विकतो. मग खालच्या शेऱ्यांमध्ये 'चोर, चोर' अशी आरडाओरड, तीही अशा लोकांची ज्यांनी मूळ मॉडेल विचारल्याशिवाय उचललेलं असतं. कायद्याच्या दृष्टीने त्यांची तक्रार हास्यास्पद नाही, हे वर आलंच. पण ती करणाऱ्याने आपल्याआधी कोण कोण होते ते सांगितलेलं असावं, एवढी माफक अपेक्षा आहे.

पैठणला १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत नकलाकारांनी आणि हौशी कवींनी तीत काय काय घुसडलं होतं ते काढलं, आणि यापुढे कुणी आपली ओवी यात घालू नये अशी सक्त ताकीद दिली. कुणी म्हणेल, हा तर मॉडबंदीचा आद्य हुकूम. पण त्याच एकनाथांचं भावार्थ रामायण अपुरं राहिलं ते गावबा नावाच्या शिष्याने पुरं केलं असं परंपरा सांगते, आणि गावबाला कुणी उचल्या म्हणत नाही. कारण कुठवर गुरूचं आणि कुठून शिष्याचं, हे लोकांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वरीत घुसलेल्या ओव्यांचं तसं नव्हतं. त्या ज्ञानदेवांच्या म्हणून खपत होत्या. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ हेच मानतं: हक्क विकले तरी आपली कृती आपल्या नावाने ओळखली जावी आणि तिची विटंबना होऊ नये हा लेखकाचा अधिकार उरतोच. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारच्या मालकीचं होतं. ते उखडून गोदामात टाकलं म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली उरलेलं शिल्प त्यांना परत करायला लावलं आणि वर पाच लाखांची भरपाई दिली.

मॉडरांनी भांडावं ते या कलमासाठी. पैशाचा हिस्सा मागायला जाल तर काय होतं ते 'स्कायरिम' या गेमच्या वेळी दिसलं. व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी एप्रिल २०१५ मध्ये मॉड विकायची सोय केली, मॉडरला २५ टक्के ठेवले, आणि खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांत गाशा गुंडाळावा लागला. गदारोळाचं एक कारण असं, की एकाच्या मॉडमध्ये दुसऱ्याचं आणि दुसऱ्याच्यात तिसऱ्याचं काम मिसळलेलं. पंचवीस टक्के नेमके कुणाचे? एसटीच्या गाडीतही तेच. नावं मात्र सगळ्यांची लिहिता येतात. फाइलसोबत एक साधी यादी: मॉडेल कुणाचं, आवाज कुणाचा, रंग कुणाचे. मालेओसारख्या कंपनीने ही यादी फाइलमध्येच सक्तीची केली तर वर सांगितलेल्या अर्ध्या भांडणांना जागाच राहणार नाही.

राहिलं महामंडळ. त्याने यात पडावं असं मला वाटतं, आणि ते नोटिसा पाठवायला नव्हे. एक पानभर परिपत्रक पुरे: एसटीचे रंग, बोधचिन्ह, आगारांची नावं आणि पाट्या हौसेच्या, फुकट वाटल्या जाणाऱ्या मॉडेलांत वापरायला मोकळीक; अधिकृत असल्याचा आव आणायचा नाही, तिकीट-आरक्षणाची खोटी अ‍ॅप काढायची नाहीत. कुणी त्या गाडीच्या खिडकीखाली पिचकाऱ्या दाखवल्या, फुटलेली काच दाखवली, तर ती टीका समजून गिळावी. नाटकावर प्रतिनाटक लिहिताना मूळ नाटकाचे मोठे तुकडे घेतले तरी चालतं, हे केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली सिविक चंद्रन प्रकरणात मानलंच आहे.

बदल्यात महामंडळाला जे मिळेल ते त्याच्या स्वतःच्या दप्तरातही असेल की नाही, शंका आहे. पंधरा वर्षांवरची सरकारी वाहनं एप्रिल २०२३ पासून रस्त्यावर राहू शकत नाहीत. जुन्या अ‍ॅल्युमिनियम बॉडीच्या गाड्या भंगारात जातायत, त्यांची जागा पोलादी बॉडीच्या आणि विजेवरच्या गाड्या घेतायत. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांवरून 'एशियाड' हे नाव पडलेली गाडी नव्या पिढीने पाहिलेलीसुद्धा नाही. रिव्हेटची ओळ कुठून कुठे जायची, खिडकीला किती गज, कंडक्टरची सीट कुठे, हे पोरांच्या फाइलींत टिकून आहे.

उद्या महामंडळालाच स्वतःचा गेम काढावासा वाटला, किंवा एखाद्या संग्रहालयात जुनी गाडी पडद्यावर उभी करावीशी वाटली, तर ही तयार मॉडेलं सोडून दुसरीकडे जायचं कारण नाही. फक्त ती फुकट उचलता येणार नाहीत. कलम १९ प्रमाणे लेखी, सहीचं हस्तांतरण घ्यावं लागेल. कुठल्या कामासाठी, किती वर्षांसाठी, मोबदला काय, हे त्यात लिहावं लागेल. वर्षं लिहायची राहिली तर कायदा पाचच धरतो. आणि सही करणारा अकरावीत असेल, तर त्याच्या वडिलांना कागद घेऊन बोलवावं लागेल, आणि पोराच्या हिताचा करार पालकाने केला तर तो कितपत टिकतो यावर महामंडळाच्या विधी शाखेला डोकं खाजवत बसावं लागेल.